एकसष्टपासून पुढे थंडी

लालासाहेबांच्या दाताखाली खडा आला तेव्हा बनुबाईनेही घास तसाच हातात धरला. फेब्रुवारीतली रविवारची दुपार होती. लालासाहेबांनी तो खडा तोंडातून काढला, ताटाच्या कडेला ठेवला आणि पुढचा घास घेतला. लग्नाला छत्तीस वर्षं झाली होती. त्यातली सतरा त्यांची फौजेत गेली, ती सोडली तरी उरलेल्या वर्षांत बनुबाईने निवडलेल्या तांदळात त्यांना कधी खडा सापडला नव्हता.

"दुकानदारानं भेसळ केली आसंल," ते म्हणाले.

"आपल्या घरचाच तांदूळ हाय," बनुबाई म्हणाली.

एवढंच बोलणं झालं. पण जेवण झाल्यावर लालासाहेब उसाला पाणी द्यायला गेले आणि बनुबाईने डबा पुन्हा सुपात ओतून उजेडाला धरला. पांढऱ्यावर पांढरं. दारातून येणारं ऊन तांदळावर पडून डोळ्यांसमोर पसरत होतं, आणि दाणा कुठे संपतो ते नीट कळत नव्हतं. तिने डोळे पुसले, पदराने पुन्हा पुसले, आणि सूप बाजूला ठेवून दिलं.

घर सांगलवाडीत, नोकरी नदीपलीकडे सांगलीत. तिथल्या एका कॉलेजात, भूशास्त्र विभागात बनुबाई सव्वीस वर्षं कामाला होती. लागली ती झाडलोट आणि चहापाणी करायला. तेव्हाचे विभागप्रमुख नारायण सर समुद्राच्या तळाच्या चिखलावर काम करायचे. तो चिखल बारीक चाळणीवर धुतला की खाली रवाळ वाळूसारखं काहीतरी उरतं. डोळ्यांना वाळूच, पण मायक्रोस्कोपखाली धरली की कण न् कण शिंपला असतो. एका पेशीचे जीव समुद्रात तरंगत जगतात, मरतात, आणि त्यांची चुनखडीची घरं तळाशी थर लावून बसतात. विभागात त्यांना फोरॅम म्हणत. त्या ढिगातून एकाच जातीचे वीस शिंपले ओल्या ब्रशच्या टोकाने उचलून स्लाइडच्या खान्यात ठेवायचे, हे काम. विद्यार्थी तासाभरात कंटाळायचे, त्यांच्या माना दुखायच्या. एकदा सरांना घाई होती, कुणी नव्हतं, म्हणून त्यांनी सातवी शिकलेल्या बनुबाईला खुर्चीवर बसवलं. संध्याकाळी पाहिलं तर तिने दोन स्लाइडी पुऱ्या केल्या होत्या आणि तिसरीला हात घातला होता. सरांनी दाणा न् दाणा तपासला. एकही चुकलेला नव्हता.

त्यानंतर झाडू दुसऱ्याकडे गेला. सर निवृत्त झाले, नवे आले, मायक्रोस्कोप बदलले, खिडकीजवळची ती खुर्ची मात्र बनुबाईचीच राहिली.

दोन वर्षांपूर्वी भार्गवी आली. साताऱ्याची, तिशीतली, पीएच.डी. करून आलेली, कमी बोलणारी. अरबी समुद्राच्या तळातून जहाजावरच्या लोकांनी चिखलाचा एक लांब नळा काढला होता. त्याचे सेंटिमीटराला एक असे तुकडे पाडून ते तिने आणले. एक सेंटिमीटर म्हणजे साधारण शंभर वर्षं. वरचा तुकडा अलीकडचा, खाली जावं तसा काळ मागे जाणार. पहिले नव्वद तुकडे, म्हणजे नऊ हजार वर्षं, पहिल्या खेपेला निवडायची होती.

आजवर कुणी बनुबाईला सांगितलं नव्हतं की हे निवडून पुढे करतात काय. भार्गवीने सांगितलं. पाण्यातल्या प्राणवायूत थोडा हलका असतो, थोडा जड. समुद्राची वाफ होताना हलका आधी उडून जातो. जगात थंडी वाढली की तो बर्फ होऊन ध्रुवांवर अडकतो, परत येत नाही, आणि समुद्रात जड जास्त उरतो.

"गुळाच्या काहिलीत रस आटतो तसं," बनुबाई म्हणाली. "वाफ वर गेली की खाली दाट ऱ्हातं."

"अगदी तसंच. आणि पाणी जितकं गार, तितका तो शिंपलासुद्धा घर बांधताना जड प्राणवायू जास्त घेतो. म्हणून शिंपले विरघळवून त्यांचा वायू यंत्रात सोडला, जड-हलक्याचं प्रमाण मोजलं, की तो जगला तेव्हा समुद्र किती गार होता ते काढता येतं. फक्त सगळे शिंपले एकाच जातीचे हवेत. वरच्या पाण्यात राहणारे."

ती जात बनुबाईला पाठ होती. तीन फुगीर कप्पे एकमेकांना चिकटलेले, आणि मधल्या फटीशी ठसठशीत भोक. तिला ती लाडू म्हणायची. त्याच तोंडवळ्याची दुसरी एक होती, तिचा शेवटचा कप्पा वरून दाबल्यासारखा चपटा आणि भोक बारीक. तिला ती पेढा म्हणायची. पेढा जरा खोल पाण्यात राहतो, तिथे गारवा जास्त. म्हणून लाडवात पेढा मिसळून चालायचं नाही. पहिला महिनाभर भार्गवीने बनुबाईची प्रत्येक स्लाइड तपासली. मग दहातली एक. मग तीही सोडून दिली, कारण तपासून काही निघतच नव्हतं.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात बाहेरगावच्या प्रयोगशाळेतून आकडे आले. भार्गवी लगबगीने खोलीत आली तेव्हा तिच्या हातात कागद होता, आणि चेहऱ्यावर बनुबाईने आजवर न पाहिलेला रंग होता.

"मावशी, हे बघा." तिने कागद टेबलावर पसरला. एक वेडीवाकडी रेघ डावीकडून उजवीकडे चालली होती. "इथे साठपर्यंत सगळं अपेक्षेसारखं आहे. आणि एकसष्टपासून पुढे बघा, जड होत जातंय. थोडं थोडं, पण सारखं. नव्वदपर्यंत वाढतच गेलंय."

"म्हंजे काय?"

"म्हणजे सहा ते नऊ हजार वर्षांपूर्वी इथला समुद्र गार होता. त्या काळात तो चांगला ऊबदार होता असंच सगळे मानतात. इतकी लांब थंडी इथे कुणी दाखवलेली नाही." ती खुर्चीवर बसली, पुन्हा उठली. "गोव्याला मे महिन्यात परिषद आहे. एकतीस मार्चपर्यंत सारांश पाठवायचा. मी साताऱ्याला जाऊन शांतपणे लिहिते."

"कवापासनं म्हणालासा?"

"एकसष्टपासून."

भार्गवी गेल्यावर बनुबाईने आपली वही काढली. नमुन्याचा नंबर, तारीख आणि काही वेगळं दिसलं तर दोन शब्द, असं लिहायची सवय तिला नारायण सरांनी लावली होती. साठपर्यंत 'माल कमी', 'रंग काळपट' असलं काहीबाही. एकसष्टवर नऊ डिसेंबर ही तारीख, आणि पुढे तिच्याच अक्षरात, 'दिवा वाढवला'. अडुसष्टवर 'दिवा अजून वाढवला'. सत्याहत्तरवर, 'पुसून पुसून बघितलं'.

तिने वही मिटली. काळ्या तबकावर पसरलेले पांढरे शिंपले तिला आठवले. डिसेंबरात त्यांच्या कडा पसरायला लागल्या तेव्हा तिला वाटलं होतं, भिंगावर धूळ बसली असेल. मग दिवा वाढवला, तर चमक आणखी वाढली. भोक ठसठशीत आहे की बारीक हे ती नंतर नंतर अंदाजानेच ठरवत होती. हाताला सवय होती, हात चालत होता. लाडवांत पेढे मिसळत गेले असतील, आणि समुद्र थंड होत गेला होता तो तिच्या खुर्चीवर.

हे तिने त्या दिवशी कुणालाच सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. निवृत्तीला तीन वर्षं होती. ही गोष्ट बाहेर पडली की खिडकीजवळची खुर्ची जाणार आणि पुन्हा झाडू हातात येणार, हे एक. पण त्याहून जास्त तिला भार्गवीच्या चेहऱ्यावरचा तो रंग आठवत होता. कदाचित आपल्यालाच उगाच वाटत असेल, कदाचित थंडी खरंच पडली असेल, असंही तिने मनाला सांगून पाहिलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी लालासाहेब दाढी करत होते. आरशातूनच म्हणाले, "आज डोळं दाखवून येऊ मिरजंला."

"कुणाचं?"

"तुजं. काल चहात मीठ घातलंस. मी पिलो."

बनुबाई उंबऱ्यावर बसली. मग तिने सगळं सांगून टाकलं. वही, दिवा, लाडू आणि पेढे, भार्गवीचा कागद. लालासाहेबांनी अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून ऐकून घेतलं.

"फौजंत दर साली डोळं तपासायचं," शेवटी ते म्हणाले. "माझ्या ट्रकच्या डायवरला रातीचं दिसंना झालं, तर त्यानं न्हाई सांगितलं. घाटात गाडी कडंला गेली तवा कळलं. कुणी मेलं न्हाई, पर त्यो मानूस पुन्यांदा कुणाच्या डोळ्याला डोळा देऊन बोलला न्हाई. डोळं अधू झालं म्हनून न्हाई, सांगितलं न्हाई म्हनून."

मिरजेच्या डॉक्टरांनी दोन्ही डोळ्यांत थेंब घातले, अर्धा तास बसवून ठेवलं आणि भिंगातून पाहिलं. मोतीबिंदू दोन्हीकडे होता, उजवीकडे जास्त. बनुबाई उजव्या डोळ्यानेच काम करायची.

"किती दिस झालं आसंल ह्येला?"

"सुरुवात सहा-आठ महिन्यांपूर्वीची असेल. तुम्हाला त्रास कधी जाणवला?"

"नऊ डिसेंबरला," बनुबाई म्हणाली. डॉक्टरांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं.

मोजायला पाठवलेले शिंपले आम्लात विरघळून गेले होते, ते काही परत येणार नव्हते. पण विसांतले बाराच पाठवायचे आणि आठ मागे ठेवायचे अशी पद्धत होती. त्या आठांत किती पेढे आहेत ते पाहिलं की खरं-खोटं होणार होतं. बनुबाईला आता ते स्वतः पाहता येत नव्हतं. शुक्रवारी तिने कपाटातून एकसष्ट ते नव्वद अशा तीस स्लाइडी काढल्या, पेटीत घातल्या, कापडात बांधल्या. भार्गवीला फोन केला आणि एवढंच म्हणाली, "उद्या येतीया मी साताऱ्याला. सारांश का काय ते तेवढं पाठवू नका."

शनिवारी सकाळच्या एसटीने दोघं निघाली. कराडपर्यंत पेटी बनुबाईच्या मांडीवर होती. लालासाहेबांनी दोनदा हात पुढे केला, तिने दिली नाही. खिडकीबाहेर शिवारं मागे पळत होती. तिला त्यांचा नुसता हिरवा रंग दिसत होता. डोळ्यांत घातलेल्या औषधाचा हा परिणाम नव्हे, कितीतरी दिवस असंच दिसतंय, हे तिच्या तेव्हा लक्षात आलं.

भार्गवीचं घर शनिवार पेठेत, दुसऱ्या मजल्यावर. तिच्या आईने पाणी दिलं, लालासाहेबांना बाहेरच्या खोलीत बसवून चहा टाकायला गेली. आतल्या खोलीत टेबलावर लॅपटॉप उघडा होता आणि शेजारी कॉलेजातून आणलेला लहान मायक्रोस्कोप. बनुबाईने पेटी त्याच्यापुढे ठेवली.

"ताई, माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू हाय. नऊ डिसेंबरपासनं मला नीट दिसंना झालंय. नऊ डिसेंबरला मी एकसष्ट निवडला."

भार्गवी तिच्याकडे बघत राहिली. मग तिने पेटी उघडली, ताडून बघायला आधी बावन्नची स्लाइड शोधली. ती नव्हती. "साठपर्यंतच्या आणल्याच न्हाईत," बनुबाई म्हणाली. "त्या चांगल्या हायत." भार्गवीने पासष्ट काढली, मायक्रोस्कोपखाली सरकवली. खोलीत फक्त स्लाइड काचेवर घासल्याचा आवाज होता. आठातले दोन पेढे. मग त्र्याहत्तर: आठातले तीन. मग अठ्ठ्याऐंशी. तिथे ती खूप वेळ वाकून बसली.

"पाच," ती म्हणाली.

बाहेरच्या खोलीत लालासाहेबांनी कप बशीत टेकवल्याचा आवाज आला.

"कधी कळलं तुम्हाला?"

"तुमी कागद दाखवला त्याच दिशी. वही बघितली तवा."

"म्हणजे आठवडा झाला."

"व्हय."

"मावशी, ह्या आठवड्यात मी माझ्या पीएच.डी.च्या गाईडना कळवलं. आणखी दोन ठिकाणी कळवलं." तिचा आवाज चढला नव्हता, पण तो कोरडा झाला होता. "पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर..."

"चुकलं माझं," बनुबाई म्हणाली. "घाबरले मी. खुर्ची जाईल म्हनून. आनि तुमी लय आनंदात हुता म्हनून."

भार्गवी उठली, खिडकीशी जाऊन उभी राहिली. समोरच्या गच्चीवर कुणी पापड वाळत घातले होते, तिकडे बघत राहिली. बनुबाई जागची हलली नाही. बोलून झालं होतं. आता पुढे जे होईल ते होऊ दे असं तिला वाटलं, आणि आठवडाभरात पहिल्यांदा छाती मोकळी झाल्यासारखी वाटली. त्याचीही तिला जराशी लाज वाटली.

"दहातली एक तपासायची होती मी," भार्गवी खिडकीकडेच तोंड करून म्हणाली. "माझ्या प्रकल्पात तसं लिहिलंय मी स्वतः. सहा महिने तपासली नाही. आकडे आल्यावर तरी बघायला हवं होतं. बघितलं नाही, कारण मला ती थंडी हवी होती." ती वळली. "तुमच्या डोळ्यांना मोतीबिंदू होता. मला तर चांगलं दिसत होतं."

तिने लॅपटॉप ओढला आणि उभ्यानेच तीन पत्रं लिहिली. प्रत्येकात तेच: नमुन्यांत दोन जाती मिसळल्या आहेत, निष्कर्ष मागे घेत आहे, नव्याने निवडून पुन्हा मोजणार आहे. पाठवण्याआधी तिने ती वाचून दाखवली. त्यात बनुबाईचं नाव नव्हतं. 'आमच्याकडून' असं लिहिलं होतं.

"माझं नाव घाला की," बनुबाई म्हणाली.

"नाव घालायचं तर दोघींचं घालावं लागेल. 'आमच्याकडून' बरं आहे." मग पत्रं पाठवून टाकत ती म्हणाली, "ऑपरेशन कधी आहे?"

"ठरवलं न्हाई. लोक म्हनत्यात उन्हाळ्यात नगं."

"डॉक्टर काय म्हणाले?"

"डॉक्टर म्हनलं, कवाबी करा."

"मग करा."

एप्रिलमध्ये उजवा डोळा झाला, मे महिन्यात डावा. पट्टी निघाली तेव्हा बनुबाईला पहिल्यांदा दिसली ती दवाखान्याची भिंत. ती निळसर वाटावी इतकी पांढरी होती. घरी आल्यावर तिने लालासाहेबांकडे बघितलं आणि म्हणाली, "तुमी लय म्हातारं झालासा." लालासाहेब म्हणाले, "हळूहळू झालो, एकदम न्हाई." नंतरचे काही दिवस डोळ्यांत थेंब घालायचं काम त्यांनी अंगावर घेतलं; घड्याळाकडे बघून, फौजेतल्यासारखं.

इकडे भार्गवी स्वतः खुर्चीवर बसली होती. इतर कामं सांभाळून एका नमुन्याला तिला आठवडा लागे. मान आखडायची, ब्रशवरून शिंपला उडून जमिनीवर पडायचा आणि मग सापडायचा नाही. बनुबाई जूनच्या मध्याला कामावर आली तेव्हा तीस नमुन्यांतले नऊ तयार होते.

"तपासा," भार्गवी म्हणाली आणि खुर्ची रिकामी केली.

बनुबाई बसली. भिंग आपल्या डोळ्याला जुळवून घेतलं, दिवा दोन टप्पे खाली आणला. काळ्या तबकावरचा एकेक शिंपला कडेसकट, भोकासकट उभा राहिला. त्याच्या भिंतींवरची टाचणीच्या टोकासारखी छिद्रंसुद्धा. ती काही वेळ ब्रश न उचलता नुसती बघत राहिली. मग कामाला लागली. दुपारपर्यंत तिने भार्गवीच्या नऊ स्लाइडींमधून सात चुकीचे दाणे बाहेर काढले आणि एका ओळीत मांडून ठेवले.

"सात?" भार्गवीने विचारलं.

"सात. एक तर त्यातला पेढाबी न्हाई. वाळूचा दाना हाय."

भार्गवी हसली. मार्चनंतर ती त्या खोलीत हसल्याचं बनुबाईने प्रथमच ऐकलं. मग दोघींनी ठरवलं: एकीने निवडलेलं दुसरीने बघायचं, दहातलं एक नाही, सगळं. काम निम्म्या वेगाने झालं. जुलैअखेर तीसच्या तीस नमुने पुन्हा प्रयोगशाळेत गेले. गोव्याची परिषद केव्हाच होऊन गेली होती. भार्गवीच्या गाईडनी एकदा फोनवर विचारलं होतं की एवढं सगळं पुन्हा कशाला, थोडेच करून बघितले असते. भार्गवीने उत्तर दिलं होतं की सगळेच करायचे आहेत, आणि विषय बदलला होता.

आकडे सप्टेंबरात आले. गणपती नुकतेच उठले होते, विभागात अजून गुलालाचा वास होता. भार्गवी कागद घेऊन आली, पण या वेळी सावकाश चालत आली. कागदावर दोन रेघा होत्या. जुनी तुटक, नवी सलग. साठपर्यंत दोन्ही एकावर एक, आणि तिथून जुनी वर चढत गेलेली. नवी तशीच पुढे चाललेली होती, थोडी वर, थोडी खाली, नव्वदपर्यंत.

"काहीच नाही," भार्गवी म्हणाली. "सगळ्यांना माहीत होतं तेच आलं. छापायला पान-दीड पान होईल." ती खुर्चीच्या कडेला टेकली. तिच्या आवाजात निराशा होती आणि ती लपवायची तिने तसदी घेतली नाही. "पण बरोबर आलंय."

बनुबाईने कागद हातात घेतला, लांब धरला, मग जवळ. रेघेवरून बोट फिरवत नेलं.

"म्हंजे तवा थंडी नव्हतीच."

"नव्हती. तीन हजार वर्षं समुद्र छान ऊबदार होता."

"तवा मान्सं हुती का हितं?"

"होती ना. किनाऱ्याला, नदीकाठाला. मासे धरत असतील, शिकार करत असतील."

बनुबाईने थोडा विचार केला. "मग बरं झालं की थंडी नव्हती ते," ती म्हणाली. "सुखात ऱ्हायली असतील बिचारी."

भार्गवीने याआधी असा विचार केला नव्हता. ती कागदाकडे पुन्हा बघायला लागली, आणि बनुबाईने पुढच्या खेपेचा पहिला नमुना, एक्क्याण्णव नंबरचा, तबकात पसरायला घेतला.